रौप्यमहोत्सव मंडळाचा, तर गाणंही मंडळाचंच असू द्या

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था,
देवपूर, धुळे.

विषय : भजनी मंडळाच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमाच्या आखणीत बदल करण्याबाबत.

महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या भजनी मंडळाला पंचवीस वर्षं पूर्ण होत असल्याबद्दल समितीने काढलेली नोटीस बोर्डावर वाचली. मंडळाची दखल घ्यावीशी वाटली, याबद्दल समितीचे आभार. पण कार्यक्रमपत्रिका वाचली आणि पुन्हा वर जाऊन वाचावी लागली. सायंकाळी सातला दीपप्रज्वलन, मग मान्यवरांचे सत्कार, मग मनोगतं, त्यानंतर साडेअकरापर्यंत बाहेरून आणलेला ऑर्केस्ट्रा. आणि ज्यांचा हा रौप्यमहोत्सव, त्या मंडळाला काय? तर पाहुणे व्यासपीठावर येताना दहा मिनिटं स्वागतगीत. आप्पा, ज्याचं लग्न त्यालाच अक्षता वाटायला उभं केल्यासारखं झालं हे.

मी मंडळाचा सभासद नाही, हे आधीच सांगतो. मला टाळसुद्धा लयीत वाजवता येत नाही. त्यामुळे हे पत्र मंडळाने लिहवून घेतलं असा कोणाचा समज असेल तर तो काढून टाकावा. मात्र माझा फ्लॅट ए विंगच्या पहिल्या मजल्यावर, बरोबर पार्किंगच्या डोक्यावर आहे. दर गुरुवारचं भजन सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्याने माझ्या हॉलमध्ये ऐकू येतं. तक्रार करायचा पहिला हक्क कोणाचा असेल तर तो माझा. तेव्हा माझं म्हणणं त्या नात्याने ऐकावं.

मंडळ सुरू कसं झालं हे नव्या रहिवाशांना ठाऊक नसेल. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी तिसऱ्या मजल्यावर एका घरी कानबाई, आपली खान्देशातली देवी, बसली होती. गावाकडे भाऊबंदांत हा सण कसा होतो ते तुम्हाला सांगायला नको. नैवेद्याच्या रोटांसाठी घरात दळण, नारळाला डोळे-नथ लावून नटवलेली देवी, रात्रभर जागर आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर विसर्जन. फ्लॅटमध्ये एवढी माणसं मावेनात, म्हणून बायका खाली पार्किंगमध्ये सतरंज्या टाकून बसल्या आणि पहाटेपर्यंत अहिराणी गाणी म्हणत राहिल्या. कोणी शिरपूरकडची, कोणी साक्रीकडची, कोणी पारोळ्याची. एकीने ओळ टाकली की दुसरी म्हणायची, आमच्याकडे हे असं नाही, असं म्हणतात. त्या वादावादीतून दर गुरुवारी बसायचं ठरलं. पुरुष मागाहून आले, आणि तेही आधी पेटी उचलून देण्यापुरते.

मंडळाचा तेव्हाचा मोठा पेच होता पट्टीचा, म्हणजे पेटीवरची कोणती पट्टी 'सा' धरून गायचं याचा; हे वर बसून ऐकताना माझ्यासारख्या अडाण्यालाही कळत होतं. पुरुष काळी एकमध्ये सुरू करायचे. बायकांना ते खाली फार खोल आणि एक सप्तक वर घेतलं तर फार उंच. बायकांची सोय पांढरी पाच किंवा त्याच्याही वर. तिथे गेलं की अंतऱ्यात पुरुषांच्या मानेच्या शिरा ताणायच्या. बरेच गुरुवार यावर रुसवेफुगवे झाले. शेवटी पांढरी चार ठरली. त्यात दोघांचीही थोडी गैरसोय होते, पण सगळे एकत्र म्हणू शकतात. आपल्या सर्वसाधारण सभेत पार्किंगचा प्रश्न एवढ्या वर्षांत सुटला नाही, यांनी पट्टीचा सोडवला.

दुसरी एक गोष्ट समितीच्या नजरेतून सुटलेली दिसते. सोसायटीत सभासद आणि भाडेकरू असा भेद आपण सगळीकडे पाळतो. मतदानात पाळायलाच हवा, कायदा तसा आहे. पण लिफ्टच्या चर्चेत, पाण्याच्या चर्चेत, गणपतीच्या मिरवणुकीत पुढे कोण चालणार यातसुद्धा तो येतो. गुरुवारच्या सतरंजीवर कोणी कोणाला शेअर सर्टिफिकेट विचारलेलं मी ऐकलं नाही. मुलांच्या कॉलेजसाठी नंदुरबारहून दोन वर्षांकरता आलेली बाई तिथे गौळण सांगते आणि वीस वर्षं राहणारे लोक तिच्यामागून म्हणतात. बी विंगमधल्या बेन नवरात्रात गरबा सांगतात. माणूस गेला तर त्या घरी दहा दिवस संध्याकाळी जाऊन बसणारं दुसरं कोण आहे आपल्याकडे? समिती शोकसंदेश बोर्डावर लावते. तेही करायलाच हवं. पण त्या घरातल्या माणसांना संध्याकाळी सात ते आठ हा तास कसा काढायचा हे कळत नसतं, तो तास मंडळ काढून देतं.

आता मंडळाची आजची अवस्था. पेटी मीटरबोर्डाखालच्या फळीवर असते. कृपया एकदा स्वतः जाऊन बघा. भात्याच्या घडीला चीर गेली आहे, तिच्यावर खाकी पट्टी चिकटवली आहे, आणि ती पट्टीही आता एका टोकाने सुटली आहे. मधल्या सप्तकातली एक काळी पट्टी दाबली की खालीच राहते. वाजवणाऱ्या काकू गाणं न थांबवता ती नखाने उचलतात आणि पुढे जातात. इतक्या सफाईने, की नवख्याला वाटावं हा वाजवण्याचाच प्रकार आहे. पखवाजाच्या धुमेला लावायची कणीक ज्या घरी त्या दिवशी पोळ्या उशिरा असतील तिथून येते. भजन चालू असताना पंप सुरू झाला की आवाजात आवाज मिसळतो, आणि नळ आले अशी हाक आली की अभंग जिथल्या तिथे सोडून सगळे जिन्याकडे पळतात. टाकीचे व्हॉल्व्ह फिरवून येतात आणि त्याच ओळीवर पुन्हा बसतात.

ऑर्केस्ट्राचं जे मानधन नोटिशीत दिलं आहे त्यात पेटीचा भाता बदलून होईल, सूर लावून होतील, ढोलकीची पुडी नवी येईल, आणि सोसायटी ऑफिसात एक कुलपाचं कपाट येऊनही पैसे उरतील. मी बाजारात दोन ठिकाणी विचारलं आहे, अंदाजपत्रक सोबत जोडलं आहे.

पैशाचं निघालंच आहे तर. नोटिशीत प्रत्येक फ्लॅटमागे एक हजार रुपये 'बिलात लावण्यात येतील' असं म्हटलं आहे आणि कमी पडल्यास सिंकिंग फंडातून 'तात्पुरती उचल' असंही. देखभालीच्या बिलात अशी वर्गणी सक्तीने लावता येत नाही, ती ऐच्छिकच हवी. आणि सिंकिंग फंड इमारतीच्या पुनर्बांधणीसाठी आणि मोठ्या दुरुस्तीसाठी असतो. ऑर्केस्ट्रासाठी त्याला हात लावला तर वार्षिक सभेत मला उभं राहून विचारावं लागेल, आणि ते मला नको आहे. उद्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघालं की हाच पैसा आठवेल.

वेळेबद्दलही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. पुढे २०१० च्या दुरुस्तीने वाद्यंही त्यात आली. स्पीकर लावायचा तर दिवसासुद्धा पोलिसांची लेखी परवानगी लागते. ठरावीक दिवशी बारापर्यंत सवलत देता येते, पण ते दिवस राज्य सरकार ठरवतं, आपली समिती नव्हे. साडेअकरापर्यंत ऑर्केस्ट्रा म्हणजे आपणच नियम मोडणार, आणि मग सी विंगमधून मंडळाविरुद्ध आलेल्या तक्रारीला उत्तर कोणत्या तोंडाने देणार?

त्या तक्रारीबद्दल दोन शब्द. तक्रारदारांच्या मुलीचं परीक्षेचं वर्ष आहे, त्यांचं म्हणणं रास्त आहे. मंडळाने ते कळताच वेळ आठऐवजी पावणेआठपर्यंत केली आणि झांजा बंद ठेवल्या. गंमत अशी, की उन्हाळ्यात एकही तक्रार येत नाही, कारण तेव्हा घरोघरी कूलर सुरू असतात आणि पारा ४४-४५ वर असताना खिडकी कोण उघडतो? तक्रारी थंडीतल्याच असतात. उलट माझ्या शेजारच्या आजींना मी एकदा विचारलं होतं की तुम्हाला त्रास होतो का. त्या म्हणाल्या, “तुम्ही गाना बंद करशात ते माले जप कशी यी?” पण आजींना झोप येते म्हणून मुलीने अभ्यास सोडावा असं मी म्हणणार नाही.

माझी विनंती अशी, की कार्यक्रम आपल्याच पार्किंगमध्ये, कोजागिरीच्या आसपासच्या एखाद्या रविवारी ठेवावा. मुलींच्या खेळगाण्यांचा, गुलाबाईचा महिना त्याच सुमारास सरत असतो, मुलीबाळी टिपऱ्या घेऊन तयार असतात, आणि खाऊ ओळखायचा खेळ आजकालच्या पोरांना माहीतच नाही तोही होईल. कानबाईच्या रविवारी नको. त्या दिवशी निम्मी सोसायटी रोटांसाठी गावी गेलेली असते. साडेपाचला सुरुवात, साडेनऊला भैरवी. स्पीकर नाही. आपल्या पार्किंगचा स्लॅब इतका खाली आहे की ढोलकीची थाप अशीही चौथ्या मजल्यावर जाते. पहिला तास लहान मुलांचा आणि गुलाबाईचा, मग अभंग, गौळणी, भारूड, आणि मग अहिराणी गाणी, त्यात आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, आणि हळदीची सुद्धा. मध्येच ज्याला म्हणावंसं वाटेल त्याने म्हणावं. ऑर्केस्ट्रासमोर आपण खुर्च्यांवर बसणार, मोबाइल वर धरणार आणि टाळ्या वाजवणार. त्यासाठी पंचवीस वर्षं सतरंजीवर बसायची गरज नव्हती.

सत्कार करायचाच असेल तर पहिल्या रात्रीच्या कानबाईला ज्या बायका बसल्या होत्या आणि ज्या आजही इथे आहेत, त्यांचा करावा. शाल-नारळ पुरे. पाहुणे बोलवू नका असं माझं म्हणणं नाही, निवडणुका जवळ आल्या की पाहुणे न बोलवताही येतात; पण त्यांनी यावं आणि सतरंजीवर बसावं. भाषण नको.

जेवणाला वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्यांची भाजी. आचारी लागणार नाही. बट्ट्या तळायला चार जण उभे राहायला तयार आहेत, त्यांची नावं मी तोंडी सांगीन. ज्याला जमेल त्याने पीठ द्यावं, ज्याला जमेल त्याने तूरडाळ, आणि ज्याला काहीच जमणार नाही त्याने पानं उचलावीत.

आणखी एक काम आहे, आणि मला ते सगळ्यांत निकडीचं वाटतं. ही गाणी कोणी उतरवून ठेवलेली नाहीत. मंडळाच्या वहीत अभंग आहेत, आरत्या आहेत, पण कानबाईची, आखाजीची, गुलाबाईची गाणी वहीत नाहीत, ती तीन-चार म्हाताऱ्या बायकांना पाठ आहेत एवढंच. आपलं शहर या बाबतीत खरं तर फार जागरूक. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली इथेच धुळ्यात गेले, आणि त्यांचा दप्तरसंग्रह जपायला त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देवांनी ठिकठिकाणच्या रामदासी मठांतून आणलेली हस्तलिखितांची बाडं आहेत. मठातले कागद जपणाऱ्या गावात जात्यावरचं आणि झोक्यावरचं गाणं मात्र ज्याचं त्याच्यापाशी राहिलं. सोसायटीतल्या कॉलेजच्या मुलांनी मोबाइलवर ही गाणी ध्वनिमुद्रित करावी, शब्द टाइप करावेत, कोणत्या गावचा पाठ आहे ते शेजारी लिहावं. साक्रीची ओळ आणि पारोळ्याची ओळ वेगळी असेल तर दोन्ही ठेवाव्यात, वाद मिटवायला जाऊ नये.

मी वर उल्लेख केलेल्या आजींना हे सुचवून पाहिलं. त्या म्हणाल्या, “लिखीसन काय व्हस? म्हनीसन दखाड!” त्यामुळे मुलांना आधी म्हणावं लागेल असं दिसतं. माझ्या नातवाने दोन गाणी घेतली आहेत. त्याचा सूर माझ्यावर गेला आहे, पण शब्द बरोबर उतरले आहेत. जी मंडळी सुरत, पुणे, नाशिकला गेली त्यांच्याकडूनही काही मिळेल. सुरतेला गेलेल्या एका ताईंनी परवा व्हिडिओ कॉलवर एक कडवं सांगितलं, ते इथे कोणालाच आठवत नव्हतं.

तरी समितीच्या येत्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि तोपर्यंत ऑर्केस्ट्राला आगाऊ रक्कम देऊ नये, ही विनंती. मंडळाच्या दोन बायकांना बैठकीला बोलवावं. त्यांना नोटीस लागण्याआधी कोणी विचारलं नव्हतं असं कळतं. कार्यक्रमाच्या दिवशी पार्किंग मोकळं करायची जबाबदारी मी घेतो. ए विंगच्या सर्व गाड्यांचं मी बोललो आहे, बी विंगमधल्या दोन चारचाकींचं तेवढं समितीने बघावं. आणि पंप त्या दिवशी पाचच्या आत चालवून घ्यायला वॉचमनला सांगावं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ए विंग, पहिला मजला

सोबत : पेटी व ढोलकी दुरुस्तीचं अंदाजपत्रक, एक पान.
प्रत माहितीसाठी : मा. सचिव, मा. खजिनदार, आणि भजनी मंडळ.