गुलाबाच्या पाटीवर वासाचंपण लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात वाचक आपल्या बागेबद्दल लिहितात ते मी नेहमी वाचते. पाणी कधी घालायचं, ग्रीन नेट कुठली बांधायची, पांढऱ्या किडीला काय मारायचं, सगळं उपयोगाचं असतं. पण गुलाबाचा विषय निघाला की रंग आणि फुलाची साइज एवढ्यावरच गाडी थांबते, वासाबद्दल कुणी एक ओळ लिहीत नाही, आणि मला तर वाटतं बागेत गुलाब लावायचा तो वासासाठीच. म्हणून हे पत्र, जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

2021 च्या उन्हाळ्यात मला कोरोना झाला. ताप चार दिवसात उतरला पण वास जो गेला तो परत येईना. सुरवातीला वाटलं येईल आठ दिवसात. आला नाही. दूध उतू जाऊन करपायचं आणि मी शेजारीच उभी असायची, शेंगाचटणी कुटताना लसणाचा जो वास डोक्यात जातो तो नाही, पहिल्या पावसात माती भिजली तर गल्लीतली सगळी बाहेर येऊन वा वा करतायत आणि मी नुसती बघतेय. दोन-अडीच महिन्यांनी काहीतरी यायला लागलं ते पण उलटंच, कांदा परतला की सडल्यासारखं, चहा जळक्या रबरासारखा. जेवण नको वाटायचं. घरचे म्हणायचे जीव वाचला ना मग झालं, आणि ते खरंच होतं, कितीतरी घरातली माणसं त्या वर्षी गेली. पण ज्याचा वास जातो त्यालाच कळतं की घर आपलं असूनसुद्धा परक्यासारखं वाटायला लागतं. नातू जवळ घेतला तरी त्याच्या डोक्याचा वास नाही, सांगा आता.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी एक व्यायाम सांगितला. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी, असे चार वास रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचे, प्रत्येकाला थोडे सेकंद, आणि वास आला नाही तरी तो वास आठवत राहायचं, हे महत्त्वाचं. मला आधी टाइमपास वाटला पण नंतर कळलं की जर्मनीत 2009 साली यावर नीट अभ्यास झालाय, हेच चार वास आणि बारा आठवडे. मी तर सात महिने केलं. लवंग घरात, लिंबू घरात, निलगिरीचं तेल मेडिकलमधून आणलं आणि गुलाबासाठी गच्चीवरचं झाड.

आता त्या झाडाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

आम्ही चाळीत राहायचो, वडील गिरणीत. शेजारी एक तेलुगू अक्का होत्या, विड्या वळायच्या, दिवसाला हजार, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. त्यांच्या दारात डालड्याच्या डब्यात एक गावठी गुलाब होता, फिकट गुलाबी, पाकळ्या पातळ, फुलाला आकार म्हणाल तर काहीच नाही, दुपारपर्यंत गळायला लागायचा. पण सकाळी पाण्याच्या रांगेत उभं राहिलं की त्याचा वास यायचा. अक्का एक फूल सुपाच्या कडेला ठेवायच्या आणि मी दारात दिसले की "रा बिड्डा" म्हणून बोलवून तेच फूल वेणीत खोचायच्या. त्यांच्या बोटांना तंबाखूचा वास आणि फुलाला गुलाबाचा, ते दोन्ही मिळून जो एक वास व्हायचा तो मी नंतर कुठंच घेतला नाही. माझं लग्न झालं तेव्हा त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून एक काडी दिली होती. ती मी चाळीस वर्षं जपली आणि 2016 च्या दुष्काळात गेली. प्यायला पाणी नव्हतं तिथं झाडाला कुठून घालणार.

दुसऱ्या वर्षी एका नर्सरीतून गुलाब आणला. काउंटरवरच्या माणसाला तीनदा विचारलं, वास आहे ना, तो म्हणाला एक नंबर सुवासिक. फूल आलं वाटीएवढं, लालभडक, पाच दिवस टिकलं आणि नाक खुपसलं तरी वास शून्य. मी त्या दिवशी खरंच रडकुंडीला आले. मग विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, अक्कांच्या सुनेकडं गेले, अक्का तोवर गेल्या होत्या, पण डबा बदलून बादली झालेली आणि झाड तेच. तिथून परत काडी आणली. गावठी गुलाबाचं हेच बरं असतं, काडीनं लागतो, डोळा भरायची, म्हणजे जंगली गुलाबाच्या खोडावर कलम करायची भानगड नाही, वरून वाळला तरी मुळातून फुटतो तो तोच फुटतो. डोळा भरलेल्या झाडाचं तसं नसतं, खालून फुटलं तर जंगली निघतो.

तर कोरोनानंतर रोज सकाळी त्या झाडापाशी. फूल असेल तर फूल, नाहीतर बाजारचं गुलाबपाणी. काहीच यायचं नाही. ऑक्टोबरमध्ये छाटणी केली, शेणखत घातलं, दीड महिन्यानं कळ्या आल्या. नोव्हेंबरच्या शेवटी एका सकाळी, अजून नीट उजाडलं पण नव्हतं, सवयीनं फुलाला नाक लावलं आणि आधी वास कळलाच नाही, आधी अक्काचा हात कळला. वेणी ओढल्यासारखं झालं, आणि मग मागून गुलाब आला. एक-दोन सेकंद, की गेला. मी गच्चीवर खाली बसले आणि रडले. पन्नास वर्षांपूर्वीचं सगळं, सुपाचा आवाज, गिरणीचा भोंगा. मुलगा घाबरून वर आला, त्याला काय सांगणार.

हे असं का होतं ते त्यानंच मला वाचून सांगितलं. डोळ्यांची, कानांची बातमी मेंदूत थॅलॅमस म्हणून एक जागा आहे तिथून पुढं जाते, वासाची मात्र ती चौकी टाळून बऱ्यापैकी सरळ भावना आणि आठवणी जिथं असतात तिथं पोचते. आपल्या नाकात वास ओळखणारे चारशेच्या आसपास प्रकारचे रिसेप्टर असतात, ज्या दोघांनी हे शोधायला सुरवात केली त्यांना 2004 चं नोबेल मिळालं. आणि गुलाबाचा वास म्हणजे एकच काहीतरी नसतं, त्याच्या तेलात तीनशेहून जास्त द्रव्यं सापडलीत. त्यातलं डॅमॅसेनोन नावाचं एक तर तेलात 1 टक्का पण नसतं, पण वासात त्याचा वाटा मोठा. म्हणून बाटलीतला गुलाब आणि झाडावरचा गुलाब एक लागत नाही, हे माझ्या नाकाला आधीच माहीत होतं.

मग बिनवासाचे गुलाब आले कुठून? फुलं विकायची म्हटलं की लांबचा प्रवास, फ्लॉवरपॉटमध्ये टिकणं, लांब दांडा, रंग, हेच बघून जाती निवडल्या गेल्या आणि त्यात वास मागं पडला. 2015 साली फ्रान्सच्या संशोधकांनी वासाचे आणि बिनवासाचे गुलाब शेजारी ठेवून बघितलं तर वास तयार करायला लागणारं एक एन्झाइम बिनवासाच्यात जवळजवळ कामच करत नव्हतं. म्हणजे आपल्या नाकाचा दोष नाही. पॉलिहाउसचा डच गुलाब लावणाऱ्या शेतकऱ्याला मी नावं ठेवत नाही, त्याचं पोट आहे त्यावर. पण घरच्या कुंडीत, जिथून काही विकायचं नाही, तिथं वास नसलेला गुलाब कशाला? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण गुलाबपाणी शिंपडतो, अत्तर लावतो, आणि दारातल्या गुलाबाला वास नाही.

माझं मागणं साधं आहे. नर्सरीवाल्यांनी पाटीवर रंग आणि किंमत लिहितात तसं वास आहे, कमी आहे, नाही, एवढं लिहावं. सगळेच कलमी गुलाब वाईट असं मी म्हणत नाही, पापा मेयाँ, मिस्टर लिंकन, डबल डिलाइट यांना सुंदर वास असतो, मागून घ्या. आणि सार्वजनिक बागांमध्ये बाकांच्या जवळ दोन-चार तरी गावठी गुलाब लावावेत, हाताला लागतील असे, तारेच्या कुंपणाच्या आत नकोत. तिथं सकाळी फिरायला येणारी निम्मी माणसं माझ्या वयाची असतात. काहींना नीट दिसत नाही, काहींना नावं आठवत नाहीत, त्यांनी एकदा वाकून वास घेऊन बघावा.

वास घ्यायचा तर सकाळी लवकर. अर्धवट उमललेलं फूल सगळ्यात चांगलं, कारण वासाचं तेल पाकळ्यांच्या वरच्या थरात असतं आणि ऊन लागलं की उडायला लागतं. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 ला जातो, दहा वाजता काही राहत नाही. गुलकंदासाठी पण मी पाकळ्या उजाडायच्या आत काढते, एक थर पाकळ्या एक थर खडीसाखर, काचेच्या बरणीत, महिनाभर उन्हात.

माझा वास आता बराच परत आलाय, सगळा नाही. कॉफी अजून वेगळीच लागते. यंदाच्या ऑक्टोबरच्या छाटणीत निघणाऱ्या काड्या मी टाकणार नाहीये, गल्लीतल्या अकरा घरांनी आत्ताच नंबर लावलाय, आणि पहिली काडी अक्कांच्या नातीला जाणार आहे, कारण त्यांनी घर बदललं तेव्हा ती बादली तिथंच राहून गेली.

आपली एक वाचक,
सोलापूर