मूठ

तेर, जि. धाराशिव

चि. सुमनला अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू रडलीस तेव्हा मला काही बोलणं सुचलं नाही, म्हणून लिहिते.

माझ्या बांगड्यांच्या तुकड्यांतून तू काचेच्या तावावर बसलेल्या बाईचं चित्र मांडलंस, भट्टी ८०० अंशांवर नेलीस, सगळं एकजीव झालं, आणि निवल्यावर उभी चीर गेली. बांगडीची काच आणि तुझी काच सारखी फुगत-आकसत नाहीत म्हणालीस. वरून चिकटलेल्या, आतून ओढाताण. (आमच्या सासूबाई आठवल्या. असो.) मग बांगडीत बांगडीच घाल. कुटून दाणे कर, साच्यात भर. आधी लहान तुकडा करून वेगवेगळ्या रंगांच्या काचा एकमेकींशी न तडकता जुळतात का बघ.

आणि निववायची घाई करू नकोस. ५०० अंशांच्या आसपास थांबवायचं, जाडी दुप्पट तर वेळ चौपट, हे तूच मला शिकवलंस. तुझे बाबा मडकी भाजायच्या आव्याची राख थंड झाल्याशिवाय कुणाला हात लावू देत नसत. एकदाच, लग्नाच्या ऑर्डरीपायी, आवा लवकर उकलला. रात्रभर मडकी टणटण तडकत होती.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. तुझी बाई मान खाली घालून बसलीय. मी तशी बसले नव्हते गं.

एरवी आपण बांगडी फुटली म्हणत नाही, वाढली म्हणतो. बाबा गेले त्या दिवशी बायकांनी माझे हात ओट्याच्या कडेवर आपटले, तेव्हा कुणाच्या तोंडून ‘वाढली’ निघालं नाही. मी तुकडे वेचायला बसले. सगळे म्हणाले, धीराची आहे. धीर कसला, संताप होता. इथल्या लामतुरे संग्रहालयातले काचेचे मणी सातवाहनांपासून टिकलेत, आणि माझ्या बांगड्यांना माणूस गेल्यावर तासभरही ठेवलं नाही! तुकडे मुठीत इतके आवळले की तळव्यात रुतले. तो वण तू लहानपणापासून बघतेस. विळी लागली असं मीच सांगत आले.

काल रात्री मातीत माझी मूठ घडवली. बाबांसारखा हात नाही माझा, अंगठा जरा जाडच झालाय. भाजली नाही, म्हणजे भोवती साचा ओतल्यावर आतली माती तुला उकरून काढता येईल. ओल्या फडक्यात गुंडाळून, वर प्लास्टिक बांधून सोमवारी पाठवते. उरलेले तुकडेही त्याच डब्यात आहेत.

तुझी
आई