'ठीक आहे' सोडून काहीही सांग

मिरज, १७ जुलै

चि. बंड्यास अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू फोन ठेवलास. चूक माझीही होती. माझा आवाज एकदा चढला की मला थांबता येत नाही, आणि पलीकडून आजी "कोणाशी भांडतोय रे" म्हणून विचारत होती. दादा रविवारी तळेगावला येतोय. त्याच्याबरोबर हे पत्र आणि निळी फाईल देतो. पत्र मध्येच तोडता येत नाही, एवढाच त्याचा फायदा.

आधी एकच सांग. उजव्या पायाचा अंगठा वर उचलतो का? पाऊल हलतं हे आईनं सांगितलं. मी अंगठ्याचं विचारतोय.

आता पैशाचं. ९ जूनच्या अपघातातल्या टेम्पोचा मालक पंच्याहत्तर हजार देतोय, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर 'माझी कोणतीही तक्रार नाही' असं लिहून मागतोय, आणि तू "घेऊन मिटवून टाकतो" म्हणतोस. दिवसभर मशीनवर मायक्रॉन मोजणारा तू, म्हणून हिशेबच मांडतो. पगार ३०,०००, म्हणजे वर्षाचे ३,६०,०००. तू कंत्राटी आणि चाळिशीच्या आतला, म्हणून पुढे कमाई वाढली असती यासाठी ४० टक्के जास्त धरायचे. झाले ५,०४,०००. तुझ्या वयाला, सव्वीस ते तिशीला, गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला कोर्ट ज्यानं गुणतं तो आकडा, १७. हा तक्ता सरला वर्मा खटल्याच्या २००९ च्या निकालातला, अजून तोच चालतो. गुणाकार ८५,६८,०००. तुझी कमाईची ताकद जितके टक्के गेली असं कोर्ट ठरवेल, तितका यातला हिस्सा तुझा. म्हणजे एक टक्का ८५,६८० रुपयांचा. तो माणूस तुला एक टक्कासुद्धा देत नाहीये! दवाखान्याचा खर्च, बुडालेला पगार, वेदना, पुढचं ऑपरेशन हे सगळं याच्या बाहेर, वेगळं.

थोड्या दिवसांनी विमा कंपनीचा माणूस मोटार वाहन कायद्याचं कलम १६४ घेऊन येईल. चूक कोणाची हे न बघता गंभीर दुखापतीला अडीच लाख. ऐकायला बरं वाटतं. पण ते घेतलं की कलम १६६ चा, म्हणजे वर मांडला तो पूर्ण भरपाईचा, दावा संपला, दोन्ही डगरींवर पाय ठेवता येत नाही. अडीच लाख म्हणजे तीन टक्केही नाहीत, वरचा आकडा बघ.

तुला ड्रायव्हरची दया येते हे मला कळतं. त्याला तीन लहान पोरं आहेत हे तू फोनवर दोनदा सांगितलंस. पण पैसे तो देत नाही, मालक देत नाही, टेम्पोचा थर्ड पार्टी विमा देतो. त्यासाठीच तर तो हप्ता कायद्यानं सक्तीचा आहे. लायसन्समध्ये खोट निघाली तरी बहुतेक वेळा कोर्ट कंपनीला सांगतं, आधी जखमीला दे, मग मालकाकडून वसूल कर. आणि साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर टेम्पो चालवत होता एवढीच तक्रार असेल, तर २०२४ च्या नोव्हेंबरात घटनापीठानं ७,५०० किलोपर्यंतच्या गाड्यांना ते चालतं असं सांगून तो विषय मिटवलाय. तरीही मालक स्वतःच्या खिशातून पंच्याहत्तर हजार काढायला एवढा तयार का? अपघाताच्या दिवशी पॉलिसी चालू होती का, हे दादाला नंबर टाकून आधी बघायला सांगितलंय.

पण माझी खरी भीती टेम्पोमालकाची नाही. तुझी आहे.

कॅज्युअल्टीत त्या रात्री डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? तू म्हणालास, "गाडी घसरली, ठीक आहे मी." त्यांनी एमएलसीच्या, म्हणजे पोलिसांसाठी दवाखाना करतो त्या नोंदीच्या, कागदावर तेच लिहिलं. फोटोत बघ, दुसरी ओळ: 'दुचाकीवरून घसरून पडल्याने'. टेम्पोचं नाव नाही, नंबर नाही. विमा कंपनीत थर्ड पार्टीच्या टेबलावर तीस वर्षं बसलेल्या माझ्यासारख्या माणसाला विचार, फाईल आली की पहिलं बोट कुठे जातं. या ओळीवर. एफआयआर दुसऱ्या दिवशी झाली ती आम्हाला फारशी उपयोगी नसायची. जखमीला आधी दवाखान्यात नेतात हे न्यायाधीशांनाही कळतं, उशिरावरून दावा पडत नाही. पण 'घसरून पडला' असेल, तर वकील म्हणणार, टेम्पो मागाहून चिकटवलाय. आणि ते नाही जमलं, तर निम्मी चूक तुझी म्हणून निम्मी रक्कम कापा.

म्हणून वॉकर घेऊन का होईना, ठाण्यात जा. तपासी अंमलदाराकडे पुरवणी जबाब दे. जे घडलं तेच सांग, एक अक्षर जास्त नको: टेम्पो डावीकडून पुढे होता, इंडिकेटर न देता उजवीकडे पेट्रोल पंपात वळला, तुझा डावा हँडल त्याच्या पुढच्या उजव्या कोपऱ्याला लागला. कॅज्युअल्टीत 'घसरली' का म्हणालास तेही सांग. घाबरला होतास, वेदनेत होतास, गाडी पडली एवढंच डोक्यात होतं. हे खरंच आहे ना? मग लाजू नकोस.

घटनास्थळ पंचनाम्याची आणि नकाशाची नक्कल माग. नकाशात तुझी गाडी कुठल्या बाजूला पडलेली दाखवली आहे, रस्त्यावर फूटरेस्टचा ओरखडा किती लांब मोजलाय, ते वाच. पंपाचं सीसीटीव्ही आता बहुधा पुसलं गेलं असेल, तरी मागणीचा अर्ज दिलास याची पोच ठेव. गाडी अजून गॅरेजला दिली नसशील तर देऊ नकोस. दिली असशील तर वाकलेला लेग गार्ड आणि फुटलेला आरसा टाकून देऊ नको म्हणावं. परिवहनच्या मोटार वाहन निरीक्षकाच्या अहवालात टेम्पोच्या उजव्या कोपऱ्याचा पोचा आला असेल, तर तो आणि तुझा हँडल दोघं मिळून जेवढं बोलतील तेवढं शंभर साक्षीदार बोलत नाहीत. हेल्मेटही जपून ठेव. घातलं होतंस, त्या एका गोष्टीसाठी मी देवापुढे रोज काय म्हणतो ते तुला सांगणार नाही.

२०२२ पासून पोलिसांनाच ४८ तासांत पहिला अपघात अहवाल द्यावा लागतो, पन्नास दिवसांत अंतरिम आणि नव्वद दिवसांत सविस्तर. तुझे पन्नास २९ जुलैला भरतात, नव्वद ७ सप्टेंबरला. सविस्तर अहवाल कोर्टात गेला की कोर्ट त्यालाच दावा धरू शकतं. त्यावर विसंबून मात्र राहायचं नाही. आपला दावा वेगळा टाकायचा, सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ९ डिसेंबरच्या आत. मी ऑगस्ट धरून चाललोय. व्याज दाव्याच्या तारखेपासून मिळतं, त्याआधीचं नाही. तू पुण्याला हेलपाटे घालायची गरज नाही. जखमी जिथे राहतो तिथेही दावा चालतो, विजयनगरच्या कोर्टात टाकू, घरापासून अर्धा तास.

बघ, परत व्याख्यान झालं. माफ कर. आई म्हणते, मी पोराशी बोलत नाही, नोटीस काढतो.

पण ओपीडीचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. २ जुलैच्या फॉलोअपच्या कागदावर 'तक्रार नाही' लिहिलंय. तक्रार नाही? गुडघ्यात प्लेट, बाहेरच्या बाजूचं हाड मानेशी मोडलेलं, अंगठा वर होत नव्हता म्हणून तर त्यांनी पाऊल धरून ठेवणारा स्प्लिंट दिला, आणि तू डॉक्टरला काय सांगितलंस? ठीक आहे. दोन वर्षांनी तू साक्षीला उभा राहशील आणि समोरचा वकील हाच कागद हातात घेऊन विचारेल, "२ जुलैला आपली काही तक्रार नव्हती, बरोबर?" तू होच म्हणणार, तुझीच सही आहे. पुढच्या वेळी जिना चढताना काय होतं, रात्री पायाच्या पाठीवर मुंग्या येतात का, किती वेळ उभं राहवतं, हे मोजून सांग आणि त्यांना लिहायला सांग. वाढवून नको. आहे तेवढं.

कोर्ट नुसतं पायाचं बघत नाही. दाखल्यात पायाचं तीस टक्के अपंगत्व लिहिलं म्हणून कमाईचं तीस टक्के नुकसान होत नाही. ते तुझ्या कामावरून ठरतं. खुर्चीवरच्या कारकुनाला पाच धरतील, आठ तास मशीनपुढे उभं राहणाऱ्याला पंचवीसही धरतील. सुप्रीम कोर्टाच्या २०१० च्या राजकुमार निकालात हे सगळं उलगडून सांगितलंय, त्याची प्रत फाईलच्या मागच्या कप्प्यात आहे. म्हणून तू नक्की काय काम करतोस, जॉब किती किलोचा उचलतोस, हे कंत्राटदाराच्या लेटरहेडवर लिहून आण. सोबत सहा महिन्यांच्या पगारपावत्या, बँकेचा उतारा, रजेचा दाखला. कंत्राट पुढे वाढवलं नाही, तर ते तोंडी ऐकून येऊ नकोस.

अपंगत्वाचा दाखला आत्ता नको. उपचार संपल्यावर, आणि जो डॉक्टर कोर्टात येऊन उभा राहील त्याचाच. डॉक्टर साक्षीला आला नाही तर तो दाखला रद्दीच. अंगठा उचलायला लावणारी नस जिवंत असेल तर दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. काल तुझा फोन झाल्यावर मी पट्टी घेऊन माझ्याच पायावर मोजलं, गुडघ्याखालच्या त्या हाडाच्या गाठीपासून अंगठा उचलणाऱ्या स्नायूपर्यंत. सतरा सेंटिमीटर. म्हणजे १७० दिवस, नोव्हेंबरची अखेर. तुझा पाय माझ्यापेक्षा लांब आहे, अजून आठवडाभर जास्त धर. नसेतून संदेश किती वेगानं जातो ते मोजणारा एनसीव्ही रिपोर्ट झाला का? आई म्हणाली डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती. केलास का?

कृष्णेच्या घाटावर सायकल शिकताना पडलास तेव्हाही असंच. गुडघ्यात खडी रुतलेली, आणि तीन दिवस पॅण्ट न बदलता झोपलास. तिसऱ्या रात्री आजीला वास आला म्हणून कळलं. डेटॉल लावताना मी पाऊल धरलं होतं, तर पाचही बोटं फणीसारखी ताठ वर झाली होती. मी ओरडलो तुझ्यावर. ओरडायला नको होतं. बहुतेक त्या दिवसापासून तू मला काही सांगेनासा झालास.

असो. बिलं. कंपनीच्या मेडिक्लेमनं दवाखान्याचं भागवलं म्हणून ती सोडून देऊ नकोस. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं २०२५ च्या मार्चमध्ये सांगितलंय की मेडिक्लेमचे पैसे भरपाईतून वजा करायचे नाहीत. मूळ बिलं तिकडे गेली असतील, तर दवाखान्याच्या शिक्क्याच्या नकला घे. औषधांच्या पावत्यांवर तुझं नाव हवं, नुसतं 'रोख' नको. रिक्षाचे पैसे वहीत तारखेसह लिही. प्लेट काढायला पुढे किती लागतील, त्याचा अंदाज सर्जनच्या सहीनं. आणि आई तिथे सव्वीस दिवस राहिली, तिचीही नोंद करायची. तिला सांगितलं तर म्हणाली, "पोराचं केलं त्याचे पैसे मागायचे का?" मी म्हटलं, मागायचे. कोर्टात त्याला परिचराचा खर्च म्हणतात. ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

मागे बसलेल्या तुझ्या मित्राचा दावा वेगळा, त्यानं तो स्वतःचा टाकावा. तुझी पॉलिसी नुसती थर्ड पार्टीची, त्यातून मागे बसलेल्याला काही मिळत नाही. पण टेम्पोच्या विम्याकडून तो पूर्ण मागू शकतो, तुझी निम्मी चूक निघाली तरीही. तुमच्या दोघांच्या जबाबात फरक मात्र नको. म्हणजे ठरवून बोला असं नाही. खरं बोललात की फरक पडत नाही.

दवाखान्यात कार्ड देऊन गेलेल्या त्या वकिलाचं कार्ड फाडून टाक. टक्केवारीवर केस घेणं वकिलाला चालत नाही, आणि जो घेतो तो कोऱ्या वकीलपत्रावर आणि चेकवर सही मागतो. तपासाला विमा कंपनीचा माणूस येईल, चहा पिईल, "जरा चालून दाखवा" म्हणेल आणि मोबाईल धरेल. चालून दाखव, पण जसा चालतोस तसाच. त्याच्यासमोर शूरपणा नको. तो लिहील त्या कागदावर वाचल्याशिवाय सही नाही, आणि फोटो काढून मला पाठव.

लोकअदालतीत बोलावलं तर जाऊ. मी येईन. तिथे मिटलं की अपील नाही, म्हणून आकडा आधी घरी ठरवायचा. तो तू ठरव. पाय तुझा आहे. सगळं ऐकूनही तुला मिटवायचंच असेल, तर मी अडवणार नाही. फक्त एनसीव्ही रिपोर्ट हातात येईपर्यंत सही करू नकोस.

फाईलमध्ये पिवळ्या चिठ्ठ्या लावल्यात, जिथे रिकामं आहे तिथे कागद यायचाय. दादाबरोबर चकल्या पाठवल्यात, त्या मित्रालाही दे.

तुझे
बाबा

ता. क. मोजा काढून, टाच गादीवर टेकवून अंगठा वर करायचा, आणि तसा व्हिडिओ मला पाठवायचा. आईच्या फोनवर नको. होत नसेल तरी पाठव.