गणपतीला नाही, डिसेंबरात येतेय

आई, बाबा,

फोनवर हा विषय काढला की आई "बरं बरं, कामाचं बघ तू" म्हणते आणि बाबांच्या हातात फोन देऊन आत निघून जाते, म्हणून लिहूनच पाठवतेय. बाबा, तिला मोठ्यानं वाचून दाखवा, मधली वाक्यं गाळू नका.

यंदापण गणपतीला येत नाहीये. वादळात मोडलेल्या घरांचं नुकसान विम्यासाठी मोजायचं हेच माझं काम. चतुर्थी १४ सप्टेंबरला आणि इथला अमेरिकेतला हरिकेनचा, म्हणजे मोठ्या समुद्री वादळांचा, सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यातही ती सगळ्यात जोर धरतात १० सप्टेंबरच्या आसपास. म्हणजे बाप्पा आणि वादळं दोघांचा मुहूर्त एकच. दरवर्षी मी "बघू, जमलं तर येते" म्हणते, मग तुम्ही माळ्यावरची गादी काढून उन्हात घालता आणि मी येतच नाही. त्यापेक्षा आधीच सांगितलेलं बरं.

२०२४ ला नवरात्रात यायचं १ ऑक्टोबरचं तिकीट होतं की नाही? २६ सप्टेंबरच्या रात्री हेलीन वादळ फ्लोरिडावर आदळलं, त्याच्या दोन दिवस आधीच स्टँडबायचा, म्हणजे कामाला तयार राहा असा, मेल आला होता. तिकीट गेलं पाण्यात, मी शिडी गाडीत टाकून डॅलसहून निघाले. तिकडे टँपाजवळच्या घरांमधून भिजलेले सोफे, गाद्या, फ्रिज काढून लोकांनी रस्त्याकडेला ढीग लावले होते आणि ते उचलायच्या आत ९ ऑक्टोबरला दुसरं वादळ, मिल्टन, आलं. मग एकाच घरात दोनदा जायचं, यातलं हेलीननं किती मोडलं आणि मिल्टननं किती ते वेगळं करायचं, कारण क्लेम दोन. त्यात पुराचा विमा वेगळा, घराच्या साध्या पॉलिसीत पूर येतच नाही, हे कितीतरी जणांना माझ्याच तोंडून पहिल्यांदा कळलं. एका आजींनी पॉलिसीचे कागद कपडे वाळत घालायच्या दोरीवर चिमटे लावून टांगले होते. मला एकदम २०२१ ची आपली हिशोबाची वही आठवली, बाबा, पंख्याखाली एकेक पान उलटत बसला होतात तुम्ही. वाशिष्ठीचं पाणी २२ जुलैला दुकानात शिरलं, भिंतीवर माझ्या खांद्याएवढी चिखलाची रेघ, आणि सर्व्हेअर आला अकराव्या दिवशी, चहा घेऊन वीस मिनिटांत गेला. माल दहा लाखांचा आणि विमा सहाचा, म्हणून जे भिजलं त्याचेपण साठच टक्के धरले. नियम तसाच आहे हे आता मला कळतं, पण त्यानं ते तुम्हाला नीट बसून सांगायला हवं होतं. मी सांगते. पाऊण तास लागला तरी सांगते. तुम्ही म्हणता माझा धंदा म्हणजे मयताच्या सामानाचं दुकान, म्हणा.

आईचं म्हणणं, सगळ्यांना रजा मिळते मग तुलाच का नाही. अगं, मला रजा कुणी नाकारतच नाही! मी नोकरीतच नाही, फाईलमागे फी मिळते, काम नाही तर पैसे नाहीत. हे काम देणाऱ्या फर्मकडे शेकडो नावांची यादी असते, फोन आल्यावर तासाभरात हो म्हणणारा त्यांना हवा असतो. नाही म्हटलं तर एकवेळ चालतं, पण फाईली अर्ध्या टाकून घरी निघून गेलं की पुढच्या वादळाला आपला नंबर कुणी फिरवत नाही. गेल्या वर्षी तर कमालच, २०२५ ला एकही हरिकेन अमेरिकेच्या किनाऱ्याला लागलं नाही. माझी बॅग नोव्हेंबरपर्यंत दाराशी भरलेली, ना काम ना गणपती. लोकांची घरं वाचली म्हणून आनंद व्हायला पाहिजे आणि मी बँकेचं ॲप उघडून बसलेली, कुणाला सांगायचीपण लाज.

म्हणून यावेळी रजेचं उलटं ठरवलंय. जमलं तर नाही, तारखा आधी. डिसेंबरचे पहिले दोन आठवडे उरलेल्या फाईलींना, कारण सीझन संपला तरी कॉन्ट्रॅक्टर वाढीव बिलं घेऊन येतातच आणि जुने क्लेम पुन्हा उघडतात. १५ डिसेंबरला निघेन, १४ फेब्रुवारीला परत, मार्चपासून टेक्सासात गारा सुरू होतात. मधल्या काळात काही होणारच नाही असं नाही, २०२१ च्या फेब्रुवारीत इथे थंडीनं घराघरांतले पाईप फुटले होते आणि २०२५ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसला वणवे. पण दोन्ही फर्मना कळवून टाकलंय की या दोन महिन्यांत मी नाही. मेल पाठवताना हात थरथरत होते, खोटं कशाला सांगू. तिकीट परतावा न मिळणारंच काढलंय, मुद्दाम.

आता तुमचं काम. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन १८ डिसेंबरच्या पुढेच घ्या, डॉक्टरांना आजच विचारा, नंतरचे व्यायाम मी करून घेईन, तुमच्याकडून ते व्हायचं नाही, ती दोनदा "दुखतंय" म्हणाली की तुम्ही सोडून द्याल. चालायला लागली की माघी गणपतीला हेदवीच्या देवळात जाऊ, गाडी मी चालवेन.

आणि सप्टेंबरात तुमची रात्री आठची आरती म्हणजे माझे सकाळचे साडेनऊ. कुणाच्या छपरावर असले तरी खाली उतरून फोन घेईन. फक्त यंदा फोन समईपासून जरा लांब ठेवा, गेल्या वर्षी बाप्पा दिसलेच नाहीत, नुसता उजेड.

तुमची,
चिमी