देवळालीच्या काकांना जिप्सीवाल्याचं थँक्यू

नमस्कार काका,

व्हॉट्सअ‍ॅपवर थँक्यू टाकलं की तुम्ही नुसता अंगठा पाठवता, आणि समोर येऊन बोलायला लागलो की लगेच "दारणा धरण भरलं का रे" म्हणून विषय बदलता, म्हणून आता सगळ्यांसमोरच लिहून टाकतो. नाव लिहीत नाही, नाहीतर उद्यापासून भगूर रोडला तुमच्या गेटसमोर जिप्सींची लाइन लागेल आणि काकू मला घरात घेणार नाहीत.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. माझ्याकडे 1999 ची जिप्सी किंग आहे, 1298 सीसीवाली. आपल्या नाशिकच्या सातपूरला महिंद्राचा एवढा मोठा प्लांट असताना तू गुडगावची मारुती कशाला पाळतोस म्हणून मित्र चिडवतात, चिडवू देत. गाडी पावसाळ्यात हर्षेवाडी, पेठ, सुरगाणा असं सगळीकडे फिरते, ओढ्यातून जाते, आणि या सगळ्याचा मार बसतो पुढच्या एक्सलवर. झालं असं की 60-65 च्या स्पीडला द्वारकेच्या फ्लायओव्हरवर एखादा जॉइंट लागला की स्टीअरिंग नंदीबैलासारखं मान हलवायला लागायचं, आणि गाडी पार स्लो केल्याशिवाय थांबायचंच नाही. बायको शेजारी असली की वरचं हँडल पकडून रामरक्षा सुरू.

एका गॅरेजवाल्याने चाकं बॅलन्स करून दिली, दुसरा म्हणाला स्टीअरिंग डॅम्पर (स्टीअरिंगचे झटके शोषणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर) बदला, तिसऱ्याने तर सरळ स्टीअरिंग बॉक्सच नवा टाका म्हणून कोटेशन दिलं. गंमत म्हणजे यातल्या एकानेही पुढचं चाक उचलून बघितलं नव्हतं.

तुम्ही पहिलं काम तेच केलंत. जॅक लावला, खाली घोडी (स्टँड) ठेवली, आणि मला म्हणालात घड्याळात बारा आणि सहा असतात तिथे हात धर आणि चाक आत-बाहेर हलव. खडखड. मग तुम्ही आत बसून ब्रेक दाबून धरलात आणि म्हणालात आता हलव. तरीही खडखड. "ब्रेक दाबल्यावर प्ले, म्हणजे हा ढिलेपणा, गेला असता तर व्हील बेअरिंग, नाही गेला म्हणजे किंगपिन." एवढंच बोललात! कारण ब्रेकने हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि नकल (हब धरून स्टीअरिंगबरोबर वळणारा भाग) एकमेकांना धरून ठेवतात, मग तरीही जे हलतंय ते नकलच्या मागे, किंगपिनमध्येच (नकल जिच्यावर वळतं ती पिन) असणार. मग तीन आणि नऊला हात धरून टाय रॉड एंड (चाकं वळवणाऱ्या दांड्याची टोकं) बघितले, एक अगदी मेलेला होता. मग पहार घालून पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) बुश, म्हणजे टोकातली रबरं, हलवून दाखवलेत, रबर पार चिरून बाहेर आलेलं. हे सगळं व्हायला चहा गार व्हायला लागतो तेवढाच वेळ लागला असेल, आणि मी तोपर्यंत किती पैसे कुठे कुठे घालून बसलो होतो ते जाऊ दे.

ईएमईमध्ये (आर्मीच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या विभागात) नोकरी केलेल्या माणसाला जिप्सी नवीन नाही हे मला माहीत होतं, आर्मीने ही गाडी किती वर्षं आणि कुठे कुठे वापरली ते सगळ्यांनाच माहीत आहे. पण माहीत असणं वेगळं आणि दुसऱ्याला शिकवायचा पेशन्स असणं वेगळं. तुम्ही स्वतः स्टुलावर बसलात आणि पाना माझ्या हातात दिलात. तेव्हा खरं सांगतो थोडा राग आला होता, वाटलं काका करतील आणि मी बघत बसेन.

नकल उघडल्यावर तर काय बघायचं. आतलं ग्रीस काळं आणि पातळ झालेलं, कारण एक्सलचं आतलं सील गेलं होतं आणि डिफरन्शियलचं गिअर ऑइल नकलमध्ये उतरत होतं, वर ओढ्याचं पाणी. खालच्या किंगपिन बेअरिंगच्या कपला (बाहेरच्या कड्याला) रोलरच्या ठशांच्या खाचा पडलेल्या. त्या खाचांवरून तुम्ही मला माझ्या बोटाचं नख फिरवायला लावलंत, आणि तेव्हा कळलं की स्टीअरिंग सरळ असताना मध्येच अडकल्यासारखं का वाटायचं, रोलर त्याच खड्ड्यात जाऊन बसत होते.

शिम्सचं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. किंगपिनखालच्या त्या पातळ पत्र्याच्या चकत्या तुम्ही डाव्या-उजव्या, वरच्या-खालच्या अशा वेगवेगळ्या डब्यांत ठेवायला लावल्या, डब्यांवर मार्करने लिहायला लावलं, आणि मला ते फारच ओव्हर वाटलं होतं. नवीन बेअरिंग बसल्यावर कळलं. चकती काढली की बेअरिंग घट्ट होतं, घातली की सैल. टाय रॉड सोडवून ठेवायचा, नकलच्या आर्मला ताणकाटा अडकवायचा आणि किती ओढल्यावर नकल हलायला लागतं ते बघायचं. तेही नकलचं सील लावायच्या आधी, कारण सील घासतं आणि काटा खोटं बोलतो. सैल राहिलं तर परत नंदीबैल, फार घट्ट झालं तर वळणावरून स्टीअरिंग परत येणार नाही आणि बेअरिंग लवकर जाईल. "अंदाजाने आवळणारे मेकॅनिक खूप आहेत, तू काट्याने आवळ" हे तुमचं वाक्य मी मोबाइलमध्ये टाइप करून ठेवलंय. जुना कप काढायला अंबडच्या लेथवरून पितळेचा दांडा करून आणायला लावलात तेही बरोबरच होतं, स्टीलच्या छिन्नीने मारलं असतं तर नकलच खराब झालं असतं.

पाट्यांच्या वेळी पिन गंजून अशी बसली होती की घण, डिझेल, शिव्या सगळं झालं, शेवटी कापावीच लागली. मी पीयू (पॉलियुरेथेनचे) बुश टाकायचे म्हणत होतो, नेटवर सगळे तेच टाकतात ना. तुम्ही म्हणालात तू रोज कॉलेज रोडला जातोस की रोज रॅली मारतोस, रबरच टाक, पीयूला ग्रीस नसलं की चुंचुं करतो आणि धक्काही जास्त लागतो. मान्य.

आणि सगळ्यात भारी गोष्ट ही, जी मला आधी कोणीच सांगितली नव्हती. गाडी हवेत असताना शॅकलचे (पाट्याचं टोक गाडीला जोडणाऱ्या दुव्याचे) नट फायनल टाइट करायचे नाहीत. नुसते हाताने लावायचे, चाकं जमिनीवर टेकवायची, गाडीचं वजन पाट्यांवर येऊ द्यायचं, दोनदा बॉनेट दाबून हलवायची, आणि मग टाइट. हवेत टाइट केलं तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. माझे आधीचे बुश एवढ्या लवकर का गेले होते त्याचं उत्तर बहुतेक यातच आहे. जुने यू बोल्ट (पाटे एक्सलला बांधणारे) परत लावायचे नाहीत, नवीन आणायचे, क्रॉसमध्ये थोडे थोडे आवळायचे, पाट्यांच्या मधल्या सेंटर बोल्टचं डोकं एक्सलच्या भोकात नीट बसलंय का बघायचं, आणि थोडी गाडी चालवून परत एकदा टाइट करायला यायचं. आलो होतो, आणि खरंच थोडे फिरले.

अलाइनमेंटला जायच्या आधी तुम्ही दोरी आणि टेपने टो (पुढची चाकं समोरून किती आत-बाहेर वळलेली ते) सेट केलात आणि सांगितलंत की या एक्सलवर टो सोडून बाकी काही अ‍ॅडजस्ट होत नाही, कॅम्बरचे (चाक वरून आत-बाहेर झुकण्याचे) पैसे कोणी मागितले तर देऊ नकोस. मागितले! मी हसून गाडी काढली.

आता गाडी फ्लायओव्हरच्या जॉइंटवरून 80 ला जाते आणि स्टीअरिंग एका हातात शांत असतं. डॅम्पर अजून जुनाच आहे, त्याला काही झालेलंच नव्हतं. बायकोची रामरक्षा आता फक्त संध्याकाळी देवासमोर होते.

पैशाचं पाकीट तुम्ही माझ्याच डॅशबोर्डवर परत ठेवलेलं घरी गेल्यावर सापडलं. ते काय मी परत आणत नाही, त्यातून तुमच्यासाठी एक चांगला टॉर्क रेंच घेतलाय, तुमच्याकडचा फार जुना झालाय आणि तो तुम्ही फेकणार नाही हे माहीत आहे, पण हा शेजारी ठेवा. काकूंना थालीपिठासाठी वेगळं थँक्यू, काळ्या हातांनी त्यांच्या स्टीलच्या ताटाला ग्रीस लागलं त्याबद्दल त्या अजून रागावल्या असतील तर तुम्हीच मिटवा.

आणि एक काम आहे. सिन्नरचा एक मित्र आहे, त्याच्या जिप्सीची पण पुढची चाकं अशीच उडतात, त्याला कोणीतरी डॅम्पर टाक म्हणून सांगितलंय. बारा-सहा करून मी बघितलं, ब्रेक दाबल्यावर प्ले जातो, म्हणजे त्याचं व्हील बेअरिंग असावं. रविवारी सकाळी घेऊन येऊ का? पाने आम्ही धरू, तुम्ही स्टुलावर बसा.

तुमचा,
जिप्सीवाला