हात कुणी बसवायचा?

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला कोरोना काळात शिकलेल्या डॉक्टरांवरचा लेख वाचला. सोमवारीच लिहायला बसले होते, पण मुलगी म्हणाली, "आई, आज नको, आज तू काहीही लिहिशील." म्हणून एक दिवस थांबले. राग उतरलेला नाही, हे आधीच सांगते.

लेखक महाशयांचा अभ्यास दांडगा असेल. पण त्या दोन वर्षांतली पोरे परीक्षा न देताच एमएस, म्हणजे सर्जन, झाली, हे त्यांनी कुठून आणले? परीक्षा रद्द करा अशी मागणी झाली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने जून 2021 मध्ये मान्य केली नाही. पोरांनी पीपीई उतरवून पेपर दिले. छापण्यापूर्वी आपण एवढे तरी बघायला हवे होते. असो.

या डॉक्टरांकडून ऑपरेशन करून घेताना दहादा विचार करा, हा त्यांचा सल्ला मला जास्त झोंबला. कारण आमच्या घरातला एक डोळा त्यात गेल्यातच जमा आहे, आणि तरीही मी त्या पोराच्या बाजूने लिहिते आहे.

मी 31 वर्षे थिएटर सिस्टर होते, त्यातली शेवटची 18 डोळ्यांच्या थिएटरात. पीजीचा, म्हणजे एमबीबीएसनंतर तीन वर्षे शिकणाऱ्या डॉक्टरचा, हात कसा बसतो ते मी ट्रॉलीच्या या बाजूने बघितले आहे. पहिले वर्ष वॉर्डात, ओपीडीत आणि चष्म्याचे नंबर काढण्यात जाते. दुसऱ्या वर्षी सरांच्या शेजारी बसून असिस्ट करायचे, कधीतरी एखादा टाका. रात्री बोकडाच्या डोळ्यांवर सराव. ते डोळे आणायला आमचा वॉर्डबॉय कसाई गल्लीत जायचा आणि पोरांकडून रिक्षाचे पैसे दुप्पट घ्यायचा. खरे कटिंग, म्हणजे स्वतःच्या हाताने ऑपरेशन, मिळते ते तिसऱ्या वर्षी. तेही एकदम सगळे नाही. आज फक्त टनेल, म्हणजे डोळ्यात शिरायची चीर, करायचा, उरलेले सर करणार. महिनाभराने भिंगावरचा पातळ पडदा गोल फाडायचा, त्याला रेक्सिस म्हणतात. तो फाटत फाटत कडेला पळाला की सर काही न बोलता हातातला चिमटा काढून घेतात. आमचे एक सर तर मनगटावर आर्टरी चिमट्याचा दांडा हाणायचे. मला ते कधी आवडले नाही. खरे सांगायचे तर पोरांचे हात मात्र बसायचे.

आता हिशोब करा. 2018 ला लागलेल्या बॅचचे तिसरे वर्ष कधी आले? 20 मार्च 2020 ला केंद्राचे पत्रक आले, तातडीची नसलेली ऑपरेशने पुढे ढकला. मोतीबिंदू तातडीचा नाही, हर्निया नाही, गुडघा नाही. थिएटरे ओस. हाडांचे पीजी घशातले स्वॅब घेत होते, कातडीचे पीजी ऑक्सिजनचे आकडे लिहून घेत होते, डोळ्यांचे पीजी कोविड वॉर्डात रात्रपाळीला. ड्यूटी, मग विलगीकरण, पुन्हा ड्यूटी. खेड्यातली नेत्रशिबिरे बंद. त्यांच्या पाठोपाठच्या बॅचचे हाल तर आणखी वेगळे. एप्रिल 2021 ची नीट पीजी, म्हणजे पीजीची प्रवेश परीक्षा, सप्टेंबरवर गेली, प्रवेशाचे कौन्सेलिंग जानेवारी 2022 ला सुरू झाले, म्हणजे नवे ज्युनिअर नाहीत आणि वॉर्डातली हमाली यांच्याच डोक्यावर. संध्याकाळी मात्र मोठमोठ्या सरांचे वेबिनार! मोबाईलवर फेको, म्हणजे मशीनने मोतीबिंदू काढणे, बघून हात बसत असता तर टीव्हीवर क्रिकेट बघणारे आमचे अख्खे वडगाव रणजी खेळले असते.

आता आमच्या आक्काचे. ती खानापूर तालुक्यातल्या नंदगडला असते. मार्च 2020 च्या शेवटच्या आठवड्यात तिला ऑपरेशनची तारीख मिळाली होती, ती गेली. मिरजेला न्यावे तर सीमेवर पास, पुढच्या वर्षी परत येताना कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा कागद. आक्का म्हणायची, "राहू दे गे, दिसतंय की अजून." दोन वर्षांत मोतीबिंदू पिकून दुधासारखा पांढरा झाला. 2022 च्या उन्हाळ्यात नंबर लागला. डॉक्टर नवा, पीजी संपल्यावर सक्तीच्या एक वर्षाच्या सरकारी सेवेवर आलेला. असला पांढरा मोतीबिंदू जुन्या हातालाही घाम फोडतो. आतून लाल चमक येत नाही, निळा रंग घालून पडदा शोधावा लागतो.

मी बाहेर बाकावर होते. वीस मिनिटांचे काम, तास झाला. आत ट्रॉली पुन्हा लावल्याचा आवाज आला तेव्हाच मी समजले. भिंगामागचा पडदा फाटला होता. नवे भिंग बसले नाही. दुसरे ऑपरेशन मिरजेला, पदरचे पैसे घालून. आता त्या डोळ्याने आक्काला तवा दिसतो, भाकरी करपलेली वासावरून कळते.

तो पोरगा स्वतः बाहेर आला. "सिस्टर, माझ्याकडनं चुकलं," म्हणाला. मी विचारले, तिसऱ्या वर्षी किती केलेस? बोटांवर मोजण्याइतके, म्हणाला. त्यापेक्षा जास्त वेळा तो डोळा काढण्याच्या ऑपरेशनला उभा होता. म्हणजे 2021 च्या उन्हाळ्यातला म्युकर, कोविडनंतरची काळी बुरशी. बुरशी मेंदूकडे जायच्या आत डोळा काढायचा, इंजेक्शन मिळेपर्यंत वाट बघायची सोय नाही. त्याच्यावर काय ओरडणार?

ओरडले ते त्याच्या सिनिअरवर. ते त्या तासभर खाली चेंबरमध्ये चहा घेत होते. मी म्हटले, "सर, पांढरा मोतीबिंदू, पोरगा नवा. तुम्ही शेजारी का उभे राहिला नाही?" उत्तर मिळाले, "एमएस आहे तो, सिस्टर. लॉगबुक पूर्ण आहे त्याचं." लॉगबुक म्हणजे पीजीने केलेल्या ऑपरेशनांची नोंदवही; त्यातले आकडे कसे पूर्ण होतात ते आम्हा सिस्टरांना विचारा, पण तो विषय आज नको.

आपल्या लेखात या सरांबद्दल एक ओळ नाही. पेशंटने दहादा विचार करायचा म्हणे. नंदगडच्या बाईला दुसरा डॉक्टर हुडकायची सोय असती तर ती दोन वर्षे थांबली असती का? गेलेले वर्ष या पोरांना भरून द्यायचे असेल तर पहिली काही ऑपरेशने जुन्या माणसाने शेजारच्या स्टुलावर बसून करून घ्यायची, एवढेच. त्याला समिती लागत नाही, निधी लागत नाही. तो पोरगा आता दुसऱ्या गावी फेको करतो, हात छान बसलाय असे ऐकते. कुणाकुणाच्या डोळ्यांवर बसला, ते विचारू नका.

आणि जाता जाता. ऑपरेशनच्या आधी संमतीचा कागद पुढे आला तो फक्त कन्नड आणि इंग्रजीत. आक्काला कन्नड बोलता येते, वाचता येत नाही. मराठी शाळेत सातवी पास आहे, आपला पेपर रोज भिंग लावून वाचते. यात काय लिहिलंय, असे तिने विचारले. टेबलावरचा माणूस म्हणाला, "सही माडी." न वाचता सही करणार नाही, म्हणाली. मग वाचता येत नाही तर अंगठा दे, म्हणाला. त्या कागदावर आक्काचा अंगठा आहे.

आपली,
एक निवृत्त थिएटर सिस्टर, वडगाव, बेळगाव
(नाव छापू नये. गोळ्या अजून त्याच दवाखान्यातून आणायच्या असतात.)