अस्वल पडलं तर आणणार कसं?

तीर्थस्वरूप काका,
सा. न. वि. वि.

तुमच्यासमोर आभाराचा विषय काढला की तुम्ही लगेच चहाचं आधण ठेवता आणि बोलणं तिथंच संपतं. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. आता वाचावंच लागेल.

फेब्रुवारीत मी एक्सेल शीट घेऊन इथं अमेरिकेत, मॉन्टानातल्या मिझूलाला तुमच्या घरी आलो होतो, आठवतंय? वसंतातली पहिली अस्वलाची शिकार. रायफल, स्कोप, दुर्बीण, बूट, तंबू, सगळ्यांच्या किमती, रंगीत रकाने. एका दुकानात तर भलीमोठी मॅग्नम रायफल माझ्या गळ्यात मारायचीच बाकी होती. नकाशावर जागाही ठरली होती, रस्त्यापासून सात मैल आत, कडेकपारीत. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात, शीट वरून खाली पाहिलीत आणि एवढंच विचारलंत, "अस्वल पडलं तर आणणार कसं?"

त्या रकान्यांत याचं उत्तर नव्हतं.

मग तुम्ही पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडलात. दोनशे पौंडांचं धूड, एकटा माणूस. मांस, कातडं, कवटी मिळून दोन खेपा. सात मैल आत, सात बाहेर, पुन्हा तेच. अठ्ठावीस मैल, आणि दुसऱ्या खेपेचं मांस तोवर मे महिन्याच्या उन्हात. "आधी फ्रीजर रिकामा कर," तुम्ही म्हणालात, "मग कूलर, मग बर्फ, मग पाठीवरची पिशवी, मग वाट. बंदूक शेवटी. ती माझी थ्री-ओ-एट ने." आयुष्यात कुठलीही योजना मी अशी उलट्या टोकापासून केली नव्हती.

त्या उलट्या हिशेबानं जागाही बदलली. सात मैलांचा दीड मैल झाला. लाकूडतोडीचे जुने रस्ते, फाटक लावून गाड्यांना बंद केलेले, पायी जायला मोकळे. मला वाटलं, म्हाताऱ्याला चालवत नाही म्हणून सोपं सांगतोय. (माफ करा.) पण बर्फ आधी वितळतं ते दक्षिणेकडच्या उतारांवर, आणि असल्या रस्त्यांवर ऊन पोचतं म्हणून पहिलं गवत, क्लोव्हर, डँडेलियन तिथंच उगवतं. गुहेतून नुकतं बाहेर आलेलं अस्वल आधी चरतं ते तिथं, गाईसारखं. आपली सोय आणि अस्वलाची सोय एकाच रस्त्यावर.

मग ती ओळख-परीक्षा. मॉन्टानात ती पास झाल्याशिवाय काळ्या अस्वलाचा परवानाच मिळत नाही, आणि मी म्हणत होतो की काळं अस्वल काळंच असणार, त्यात परीक्षा कसली! तुम्ही काही बोलला नाहीत. पुढच्या रविवारी चाळीस फोटो छापून ठेवलेत, सगळे कृष्णधवल. काळं अस्वल दालचिनी रंगाचंही असतं, तपकिरीही, कधी पिवळटसुद्धा, म्हणून तुम्ही रंगच काढून टाकलात. खांद्यावर वशिंड आहे का, कपाळापासून नाकापर्यंतची रेघ सरळ की खोलगट, कान केवढे, पुढच्या पंजाची नखं किती लांब. ग्रिझली म्हणजे वशिंडवाली दुसरी जात; तिला इथं १९७५ पासून केंद्राच्या कायद्याचं संरक्षण आहे, चुकून मारली तरी अंगाशी येऊ शकतं. काकूंनी भाजी निवडता निवडता माझ्यापेक्षा जास्त अस्वलं बरोबर ओळखली, हेही नोंदवून ठेवतो.

आईची समजूत तुम्ही काढलीत, त्याचे आभार वेगळे. आमच्या भंडाऱ्याकडे अस्वल म्हणजे मोहफुलं वेचायला पहाटे गेलेल्या बाईवर धावून येणारं जनावर. शिवाय १९७२ च्या कायद्यापासून तिकडे शिकार म्हणजे तुरुंग. "पोराला काय अवदसा आठवली," म्हणत होती. तुम्ही फोनवर म्हणालात, "ताई, इथं सरकारच परवाना देतं, आणि मारलं तर तो ते खाणार आहे." पलीकडे जरा शांतता. मग आई म्हणाली, "शिजवतात कसं?" पुढची वीस मिनिटं सावजी मसाल्यावर बोलणं चाललं. सावजाला सावजी, हा तुमचा विनोद ती अजून सगळ्यांना सांगते. अस्वलाच्या मांसात ट्रायकिनेला नावाचा जंत असू शकतो, इथल्या थंडीतली त्याची जात फ्रीजरला दाद देत नाही, आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअस गाठायलाच हवं, हेही तुम्ही सांगितलंत. तिनं ते एका वाक्यात मिटवलं, "कुकरच्या चार शिट्ट्या जास्त काढ."

आता मे महिन्यातली ती संध्याकाळ. फोनवर मी घाईत सांगितली होती.

ओढ्यापलीकडच्या रस्त्यावर, साधारण १८० यार्डांवर, एकटं अस्वल. डँडेलियनची फुलं ओठांनी एकेक खुडत होतं, मोठ्या सावकाशीनं. पाठीवरचे केस एका बाजूला घासून विरळ झालेले. अर्धा तास दुर्बिणीतून पाहिलं. मागं पिल्लू नाही, वर झाडात नाही. वशिंड नाही. डोक्याच्या दोन टोकांना बसवल्यासारखे छोटे कान, म्हणजे मोठा नर. वारा माझ्या तोंडावर. सगळं जुळलेलं.

मधे मात्र ओढा. सकाळी गुडघ्याएवढा होता, दिवसभराच्या वितळत्या बर्फानं मांडीच्या वर गेलेला, चहाच्या रंगाचा, आणि तळाचे दगड गडगडत होते ते मला बसल्या जागी ऐकू येत होतं. पूल पाच मैल खाली.

त्या क्षणी तुमचा रागच आला, खरं सांगतो. तो प्रश्न डोक्यात नसता तर मी घोडा ओढला असता. सेफ्टी लावून बसून राहिलो. ते अंधार पडेपर्यंत चरलं, मग रस्त्याच्या वळणाआड गेलं. मी छातीवरचा बेअर स्प्रे, म्हणजे अस्वल अंगावर आलं तर मारायचा तिखटाचा फवारा, चाचपत दीड मैल परत आलो.

त्यानंतर मोसम संपेपर्यंत दोनदा गेलो. एकदा पाऊस, एकदा पिल्लांसह मादी.

फ्रीजरचा रिकामा केलेला कप्पा बायकोनं मटारानं भरलाय. तो पुढच्या १५ एप्रिलच्या आत खाली करायचं कबूल केलंय. तुमचा कूलर धुऊन उन्हात वाळवलाय, रविवारी आणून देतो. नकाशाही आणतो. त्या ओढ्याच्या पलीकडे वरच्या अंगानं उतरणारी एक पुसट वाट दिसतेय. तिच्यावरून पाठीवर ओझं घेऊन येता येईल का, ते तुम्ही बघून सांगा.

काकूंना नमस्कार. चहा मी करीन.

तुमचा,
एक्सेलवाला